दार बदलता आले, तरच दर मिळतो

गावातले पोरगे परदेशी निघाले, की पारावर पहिला प्रश्न होतो, "पगार किती?" दुसरा होतो, "खाणं-राहणं कंपनीचं का आपलं?" आणि तिसरा, "ॲग्रीमेंट किती वर्षांचं?" हे तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि खरे तर तोच सर्वांत महत्त्वाचा. तिथे काम करण्याचा जो परवाना मिळणार आहे, तो एकाच मालकाला बांधलेला आहे, की तो घेऊन मुलाला दुसऱ्या मालकाकडे जाता येते?

हा प्रश्न कायद्याच्या किचकट भाषेतला वाटतो. प्रत्यक्षात तो अगदी आपल्या बांधावरचा आहे. परदेशात मजुरी बुडाली, ठरलेले काम सोडून दुसरेच काम दिले, बारा-चौदा तास राबवून घेतले, पासपोर्ट काढून घेतला, अशा तक्रारी आपण वर्षानुवर्षे ऐकतो. ऐकणारा सहज म्हणून जातो, "मग त्यानं ते काम सोडलं का नाही?" त्याचे उत्तर त्या परवान्यात असते. काम सोडले, की त्या देशात राहण्याचा हक्कच संपतो. मग मालकाला आवाज चढवायची गरज राहत नाही. परवान्याची मुदत वाढवायची की नाही हे त्याच्या हातात असते, आणि तेवढे त्याला पुरते.

झोनबंदी आठवा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ऊसकऱ्याला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. १९८४ च्या आदेशाने राज्यातल्या साखर कारखान्यांना कार्यक्षेत्र राखून देण्यात आले होते. आपल्या रानातला ऊस ठरलेल्या कारखान्यालाच घालायचा, शेजारचा कारखाना टनाला चार पैसे जादा देत असला तरी तिकडे न्यायचा नाही. उसाला तुरा आला, वजन घटले, खोडवा लांबला, तरी चिटबॉयच्या मागे फिरायचे आणि तोडीची वाट बघत बसायचे. ऊस आपला, रान आपले, पाणीपट्टी आपण भरलेली; पण विकायची परवानगी मात्र दुसऱ्याच्या हातात.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने या झोनबंदीविरुद्ध आवाज उठवला आणि नव्वदच्या दशकात ती उठली. त्यानंतर ऊसकऱ्याची सगळी दुःखे संपली असे कोणी म्हणणार नाही. काटा, उतारा, थकलेली बिले, हे वाद आजही आहेत. तरीपण एक फरक पडला. "जमत नसेल तर दुसरीकडे घालतो" हे वाक्य शेतकऱ्याला उच्चारता येऊ लागले. गंमत अशी, की ते वाक्य नुसते उच्चारता येणे यालाच किंमत असते. प्रत्यक्ष दुसरीकडे ऊस घातला नाही, तरी समोरचा जरा विचार करून बोलतो.

परदेशातल्या मजुराचेही नेमके तेच आहे. एकाच मालकाला बांधलेला परवाना ही माणसाची झोनबंदीच होय.

गलाईवाल्याने काय केले?

याउलट उदाहरणही आपल्याच मातीत आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि तिकडे माण-खटाव या कमी पावसाच्या पट्ट्यातली माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेली. सोने-चांदी गाळून शुद्ध करून देण्याचे हे काम. तामिळनाडू असो, केरळ असो, आंध्र असो की बंगाल-पंजाब, सराफ कट्टा आहे तिथे आपल्या भागातला गलाईवाला बहुधा सापडतोच.

ही माणसे वर कशी आली ते पाहण्यासारखे आहे. पोरगे आधी भावकीतल्या नाहीतर पाहुण्यातल्या कुणाच्या दुकानात कामाला जाते. भट्टी, मूस, तेजाब यांची ओळख होते. दोन-चार वर्षांत हात बसतो, बाजारातली चार माणसे ओळखीची होतात. मग एक दिवस ते पोरगे शेजारच्या गावात नाहीतर दुसऱ्या राज्यात स्वतःचे दुकान टाकते, आणि गावाकडून आणखी दोन पोरे बोलावून घेते. अशीच साखळी वाढत गेली आणि तिच्यावर दुष्काळी वाड्या-वस्त्यांत माड्या उठल्या.

आता कल्पना करा, की पहिल्या दुकानदाराच्या लेखी संमतीखेरीज त्या पोराला दुसरीकडे काम करताच आले नसते. दुकान सोडले, की चोवीस तासांत त्या राज्यातून हाकलले असते. तर गलाईवाला म्हणून जो वर्ग आपण आज पाहतो, तो उभा राहिला असता काय? कष्ट तेवढेच झाले असते, कसबही तेवढेच असते. फक्त सगळी कमाई पहिल्या दुकानदाराच्या गल्ल्यात राहिली असती. आपल्या देशात कुठेही जाऊन रोजगार करण्याचा हक्क राज्यघटनेने दिला आहे, त्याची ही फळे आहेत. देशाची हद्द ओलांडली, की हा हक्क आपोआप बरोबर येत नाही, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

बांधून नेण्याची पद्धत जुनीच

मजुराला परमुलखात नेऊन एका मालकाशी बांधण्याची रीत इंग्रजांच्या काळापासूनची. गुलामगिरी कायद्याने बंद झाली, तेव्हा उसाच्या मळ्यांवर माणसे कमी पडू लागली. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून मॉरिशसला करारावर मजूर नेण्यास सुरुवात झाली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तिथे आपली मराठी ओळख जपून आहेत. करार साधारण पाच वर्षांचा असे. मळा सोडून परवानगीशिवाय बाहेर गेला, तर तो गुन्हा. करार संपलेल्या जुन्या मजुरालाही १८६७ च्या कायद्यानंतर छायाचित्र लावलेला दाखला जवळ बाळगावा लागे, आणि तो जवळ नसला तर पोलीस धरून नेत.

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात ही करारपद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. तो त्या वेळी फेटाळला गेला. पुढे १९१७ मध्ये ही भरती थांबवावी लागली. गोखल्यांचा आक्षेप नुसत्या कमी मजुरीवर नव्हता. करारावर सही करणाऱ्या अडाणी माणसाला आपण काय लिहून देतो आहोत हे कळत नाही, आणि एकदा गेल्यावर सुटायचा मार्ग उरत नाही, हे त्यांचे मुख्य दुखणे होते. आज शंभरावर वर्षे लोटली. सही करणारा आता शिकलेला असतो; पण कागद न वाचता सही करण्याची सवय काही गेलेली नाही.

कफील म्हणजे काय?

आखाती देशांत या पद्धतीला कफाला म्हणतात आणि हमी घेणाऱ्या मालकाला कफील. मजुराचा देशातला प्रवेश, राहण्याचा दाखला, नोकरी बदलणे, काही ठिकाणी तर सुट्टीवर घरी येणेसुद्धा, कफीलच्या सहीवर चालत असे. सौदी अरेबियात मजूर न सांगता काम सोडून गेला, तर मालक त्याच्याविरुद्ध 'हुरूब' म्हणजे पळून गेल्याची नोंद करू शकतो. अशी नोंद झाली, की त्याचा राहण्याचा दाखला निकामी होण्याची, तो पकडला जाण्याची, परत पाठवला जाण्याची आणि पुन्हा येण्यास बंदी होण्याची वेळ येते. मजुरी मालकाने बुडवली असली तरी पळपुटा ठरतो तो मजूरच.

गेल्या काही वर्षांत यात बदल झाले, हे मान्य केले पाहिजे. कतारने २०२० मध्ये कायदा बदलला आणि नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या ना-हरकत दाखल्याची अट काढून टाकली. नोटीस देऊन मजूर दुसरीकडे जाऊ शकतो, असे ठरले. २०२१ च्या मार्चपासून दरमहा १००० रियाल किमान वेतनही लागू झाले. २०२२ ची फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा तिथे होणार होती, जगाचे डोळे तिकडे लागले होते, कामगार संघटनांचा रेटा होता, म्हणून हे घडले.

सौदीनेही १४ मार्च २०२१ पासून, एक वर्ष काम झाल्यावर मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची सोय दिली. परंतु त्या सुधारणेतून पाच प्रकारचे मजूर वगळले गेले. घरकामगार, खासगी वाहनचालक, घराचा राखणदार, मेंढपाळ, आणि माळी किंवा शेतमजूर. ही यादी पुन्हा एकदा वाचा. आपल्या खेड्यातून कमी शिकलेला मुलगा गेला, तर तो नेमका याच कामांवर जाण्याचा संभव जास्त. म्हणजे सुधारणा झाली ती कंपनीतल्या कामगारांसाठी. वाळवंटात मेंढरांमागे नाहीतर खजुराच्या बागेत एकट्या पडणाऱ्याला तिच्यातून बाहेरच ठेवले गेले. म्हणून "तिकडे आता कायदा बदललाय" एवढे ऐकून खूष होऊ नये. आपल्या मुलाच्या व्हिशावर कोणते काम लिहिले आहे, ते आधी पाहावे.

'फ्री व्हिसा' नावाचे जाळे

इथेच एका फसव्या शब्दाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. एजंट मंडळी 'फ्री व्हिसा' किंवा 'आझाद व्हिसा' देतो असे सांगतात. "तिथं गेल्यावर पाहिजे तिथं काम कर, कुणाचा बांधील नाहीस," असे ऐकवतात. ऐकायला झकास वाटते. त्यासाठी साध्या व्हिशापेक्षा जादा पैसेही घेतात.

वस्तुस्थिती अशी, की या नावाचा कोणताही व्हिसा आखाती देशांच्या कायद्यात नाही. कागदावर एक कफील असतोच. त्याच्याकडे काम नसते, कधीकधी कंपनीही नुसती नावापुरती असते. तो आपल्या नावावरचा परवाना विकतो, आणि पुढे मुदतवाढीच्या वेळी पुन्हा पैसे मागतो. मजूर मात्र दुसऱ्याच कुणाकडे काम करत असतो, आणि ते त्या देशात बेकायदा असते. तपासणीत सापडला तर दंड, कोठडी, परत पाठवणी. मजुरी बुडाली तर तक्रार कुणाविरुद्ध करणार? ज्याच्याकडे राबला त्याच्याशी कागद नाही, आणि ज्याच्याशी कागद आहे त्याच्याकडे तो कधी राबलाच नाही.

बांधलेल्या व्हिशापेक्षा हा वाईट. त्यात निदान एक मालक जबाबदार धरता येतो. इथे तेवढाही आधार नाही. तेव्हा 'फ्री' हा शब्द कानावर पडला, की शेतकरी बंधूंनी आधी खिशावर हात ठेवावा.

बहरीनने मात्र खरोखरच सरकारी पातळीवर असा प्रयोग करून पाहिला होता. २०१७ मध्ये तिथे 'फ्लेक्सी परमिट' सुरू झाले. मजुराने स्वतःच आपला परवाना काढायचा आणि कोणत्याही एका मालकाशी न बांधता काम करायचे. दोन वर्षांच्या परवान्याचे शुल्क २०० दिनार, शिवाय दरमहा ३० दिनार आणि इतर खर्च वेगळा. स्वातंत्र्य मिळाले, पण मालकाने भरायचा सगळा खर्चही मजुराच्याच डोक्यावर आला. तिथल्या व्यापारी वर्गाचाही त्याला विरोध होता. अखेर २०२२ मध्ये तो परवाना बंद करून त्याच्या जागी नोंदणीची दुसरी पद्धत आणली गेली. यातून शिकायचे ते एवढे, की मोकळा परवाना देता येतो, राज्य काही बुडत नाही. मात्र त्याचा खर्च कोण सोसणार हे आधी विचारले पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून स्वतःच्या नावावर पाच वर्षांचा 'ग्रीन व्हिसा' मिळतो; पण कुशल नोकरदारासाठी पदवी आणि महिना किमान १५,००० दिरहम पगार अशी अट आहे. हातावर पोट असणाऱ्याला तो मिळणारा नव्हे.

शिकलेल्यांचीही सुटका नाही

हा प्रश्न फक्त मजुरांचा आहे असा समज करून घेऊ नये. कराड-सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून निघून अमेरिकेला गेलेला मुलगा 'एच-१बी' व्हिशावर असतो, तोही मालकाशी बांधलेलाच. दुसरी कंपनी अर्ज करील तर तो नोकरी बदलू शकतो. पण नोकरी गेली, तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा आवरायचा. इंग्लंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीच्या कामावर गेलेल्यांचे हाल याहून वाईट झाले. मालक संस्थेचा परवाना तिथल्या सरकारने काढून घेतला, तर शिक्षा तिथे राबणाऱ्यालाच होई. त्यालाही ६० दिवसांत नवा मालक शोधावा लागे. २२ जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली आहे. तरी कुणी आजही त्या कामाच्या नावाने पैसे मागत असेल, तर त्याला ही तारीख सांगावी.

काही देशांनी बांधलेल्या परवान्याचा जाच थोडा कमी केला आहे. कॅनडात मालक छळत असेल, तर २०१९ पासून मजुराला मोकळ्या परवान्यासाठी अर्ज करता येतो आणि तो घेऊन दुसरीकडे काम शोधता येते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२४ पासून, नोकरी सुटल्यावर नवा मालक शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात; पूर्वी ते ६० होते. आणि मुळातच कुणा एका मालकाशी न बांधणारे परवानेही आहेत. इंग्लंडची १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठीची योजना २०२३ पासून चालू आहे. वर्षाला तीन हजारांपर्यंत जागा, निवड सोडतीने, मुदत दोन वर्षे. खात्यावर २,५३० पौंड शिल्लक दाखवावी लागते. सोडतीत नाव घालायला पैसे पडत नाहीत. जो एजंट त्याचे पैसे मागेल तो फसवतो आहे असे खुशाल समजावे.

जर्मनीने १ जून २०२४ पासून 'संधी कार्ड' काढले आहे. मालक ठरलेला नसतानाही वर्षभर तिथे राहून नोकरी शोधता येते, आणि तोवर आठवड्याला २० तास काम करता येते. त्यासाठी पदवी किंवा किमान दोन वर्षांचे सरकारमान्य व्यवसाय शिक्षण लागते. शिवाय थोडी जर्मन नाहीतर चांगली इंग्रजी यावी लागते. आपल्या आय.टी.आय.चा अभ्यासक्रम त्यात बसतो की नाही, हे एजंटच्या तोंडी न ऐकता जर्मन कार्यालयाकडून लेखी तपासून घ्यावे. वर्षाच्या खर्चासाठी बँकेत तेरा हजार युरोंच्या घरात रक्कम अडकवून दाखवावी लागते, म्हणजे रुपयांत बारा लाखांच्या वर. हे पैसे आपलेच राहतात, महिन्याला थोडे थोडे काढता येतात. पण आधी उभे करावे लागतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२४ च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला आहे. अशा सरकारी मार्गाने जाणाऱ्या मुलानेही तोच चौथा प्रश्न विचारला पाहिजे: तिथे गेल्यावर मालक बदलायचा झाला, तर किती दिवसांनी, आणि कुणाच्या परवानगीने?

मालकाची बाजू आणि कर्जाचा दोर

आता मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. तो म्हणतो, "तिकीट मी काढलं, फी मी भरली, महिनाभर काम शिकवलं, आणि हा दोन महिन्यांत शेजाऱ्याकडे गेला तर माझं काय?" आपल्या भागात ऊसतोड टोळीला उचल देणाऱ्या वाहनमालकाला हे दुखणे चांगले ठाऊक आहे. लाखोंची उचल घेऊन टोळी आलीच नाही, आणि ट्रॅक्टरचे हप्ते अंगावर बसले, अशी कितीतरी घरे दाखवता येतील. त्याच वेळी उचल घेतलेल्या कोयत्याला मुकादम सोडता येत नाही, आजारपणातही फडात उतरावे लागते, हेही खरे आहे. दोन्ही बाजूंना माणूस अडतो, कारण पैशाचा व्यवहार माणसाच्या पायात बांधला जातो.

तेव्हा खर्च केला असेल तर तो किती, आणि मजूर लवकर गेला तर त्यातला किती परत करायचा, हे आधी आकड्यात लिहून घ्यावे. वर्षभराची बांधिलकी घालायची तर तीही उघड घालावी. पैसे फेडले की माणूस मोकळा झाला पाहिजे. देणे वसूल करायला कोर्ट आहे. त्यासाठी माणसाचा पासपोर्ट कपाटात ठेवायचे कारण नाही.

आणि शेवटी एक कडू गोष्ट आपल्याच घरातली. परवाना कितीही मोकळा असला, तरी डोक्यावर कर्ज असेल तर तो बांधलेलाच. समजा, जाण्यासाठी दोन लाख रुपये शेकडा तीनने काढले. महिन्याला सहा हजार रुपये नुसते व्याज झाले. अशा मुलाला वाईट मालक सोडून चांगला शोधायला एक महिना बिनपगारी काढता येईल काय? कायद्याने परवानगी असूनही तो हलणार नाही. घरी सावकार दारात उभा आहे, हे त्याला तिथे झोपेतही दिसत असते. कफील तिकडे एक आणि इकडे एक, अशी त्याची गत होते. म्हणून रान गहाण टाकून, नाहीतर आईचे डाग मोडून पाठवण्याआधी घरातल्यांनी एकदा बसून हिशेब मांडावा.

गावाने काय करावे?

सल्ले खूप देता येतील. पण चार-पाच गोष्टी गावपातळीवर सहज होण्याजोग्या आहेत.

पहिली म्हणजे, परदेशी नोकरीचा एजंट केंद्र सरकारकडे नोंदलेला आहे का, ते 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही. त्याची पावती मागावी आणि पैसे बँकेतूनच द्यावेत. पावती देत नाही त्याला पैसेही देऊ नयेत.

दुसरी, दहावी न झालेल्या मुलाला आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाताना सरकारी तपासणीची मंजुरी घ्यावी लागते. ती झंझट वाटते, पण त्यामुळे करार नोंदला जातो. ती चुकवण्यासाठी "आधी फिरायच्या व्हिशावर जा, मग तिथं बदलून घेऊ," असे कुणी सांगितले तर ऐकू नये. १९८३ च्या कायद्याने हे संरक्षण ठेवले आहे. ते आपल्या हाताने सोडू नये.

तिसरी, प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये. एवढ्याशा पैशांसाठी कुणी मागे राहू नये.

चौथी, पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, कोणत्याही मालकाची नव्हे. पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. व्हिशावर लिहिलेले काम आणि करारातले काम एकच आहे का, ते पडताळावे. अरबीत असेल तर भाषांतर मागावे. अडचण आली, तर परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. पण ती नोंदवताना हेच कागद लागतात.

पाचवी गोष्ट गावच्या कारभाऱ्यांसाठी. ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि पोलीस पाटील यांनी मिळून गावातून परदेशी कामाला गेलेल्यांची एक साधी वही ठेवावी. नाव, देश, एजंटचा नोंदणी क्रमांक, मालकाचे नाव, आणि घरच्या जबाबदार माणसाचा फोन. कुणावर सक्ती नको. ज्याला नोंद करायची त्याने करावी. उद्या एखादा मुलगा अडकला, तर आमदार-खासदारांच्या दारात नुसते रडत जाण्यापेक्षा हातात चार कागद घेऊन जाता येईल. वर्षातून एका ग्रामसभेत हा विषय घ्यावा. सुट्टीवर आलेल्या अनुभवी माणसाला उभे करून चार शब्द बोलायला लावावे. एजंटच्या रंगीत पत्रकापेक्षा त्याचे बोलणे पोरांना जास्त पटेल.

सरकारकडे मागायचे तेही स्पष्ट मागावे. परदेशांशी मजूर पाठवण्याचे करार होतात, तेव्हा आकडे छापून येतात: इतके हजार पाठवणार, इतका पगार मिळणार. त्या करारांत एक कलम ठळकपणे असले पाहिजे. मालकाने वेतन थकवले, काम बदलले किंवा छळ केला, तर मजुराला देश न सोडता दुसरा मालक शोधण्याची मुदत मिळाली पाहिजे, आणि शेतमजूर, मेंढपाळ, घरकामगार, चालक यांना त्यातून वगळता कामा नये. आपल्याकडून माणसे हवी असणाऱ्या देशांची गरजही मोठी आहे. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाकाठच्या व्हिशांची संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. गरज दोन्हीकडची असते, तेव्हा अट घालायला संकोच कशाचा?

ऊस कुठे घालायचा हे ठरवण्यासाठी या भागातला शेतकरी रस्त्यावर उतरला होता. पोटचे पोर कुठे घालतो आहोत, याची चौकशी त्याने निदान तेवढ्याच नेटाने करावी. यापुढे एजंट घरी आला, की चहा जरूर पाजा, पण पगाराचा आकडा ऐकण्याआधी त्याला विचारा, "मालक नाही पटला, तर पोरगं दुसरीकडं जाऊ शकतंय का? असेल तर कुठल्या कलमात लिहिलंय, तेवढं दाखवा." दाखवले, तर पुढचे बोलू. नाही दाखवले, तर चहावर बोळवण करावी.